जुन्या ग्लायडरचा रंग ठरवताना: आधी आभाळ, मग फोटो

भाऊ, तुमचा प्रश्न आधी एका जागी मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही विदर्भात, आर्वी तालुक्यातल्या तुमच्या गावी ग्रुनाऊ बेबी टू-बी या जुन्या जर्मन ग्लायडरचं, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचं, १:४ मापाचं रेडिओवर उडणारं मॉडेल बांधलं आहे. सांगाडा झाला, प्लायचं धड पॉलिश पेपरने घासून तयार आहे, पंखांवर अजून कापड चढायचं आहे. तुमच्या मनात शेपटीवर चार सेंटीमीटरची लाल-काळी चौकडी आहे आणि पंखांची टोकं काळी. टोकांचा काळा रंग तुम्ही १९३०च्या दशकातल्या एका कृष्णधवल फोटोवरून घेतलाय. घरच्यांचं म्हणणं, सगळं पांढरं करा, थंड राहील. शिवाय इस्त्रीने चिकटणारी प्लास्टिकची फिल्म लावू की कापडावर डोप (कापड ताणून घट्ट करणारं लॅकर) मारू, आणि नाकावर नाव लिहू का, हेही विचारलंय.

माझं मत आधीच सांगतो. धड मधाच्या रंगाचं, लाकडाची शीर दिसेल असं ठेवा. पंखावरचं कापड रंगवू नका, अर्धपारदर्शक राहू द्या. पंखाच्या पुढच्या धारेचा प्लायचा भाग वरून हस्तिदंती आणि खालून गडद लाल करा. सुकाणू, म्हणजे शेपटीची उभी हलणारी फळी, पूर्ण लाल. बस, एवढंच. चौकडी नको, काळा कुठेच नको, आणि निव्वळ पांढराही नको. हे मी आवडीनिवडीवरून म्हणत नाही. आपल्या भागात ऊन आणि आभाळ दोन्ही इतके टोकाचे आहेत की युरोपातल्या मॉडेलवाल्यांचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

आभाळापासून सुरुवात करू. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत, आपल्याकडे आभाळ खोल निळं असतं. त्यात पांढरं, पिवळं, लाल काहीही दिसतं आणि माणसाला वाटतं की रंग जमला. पण ग्लायडर उडवायचे खरे दिवस पुढे असतात. गहू-हरभरा निघाला, वावरं मोकळी झाली आणि काळी माती तापायला लागली की मार्च ते मे आपल्याइतके जोरदार थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचे झोत, फार कमी ठिकाणी मिळतात. त्या दिवसांत दुपारचं आभाळ निळं नसतंच. धुळीने पांढुरकं, डोळ्यावर येणारं असतं. अशा आभाळात पूर्ण पांढरं किंवा चंदेरी ग्लायडर दोन गिरक्यांत हरवतं. चंदेरी तर सगळ्यात वाईट, कारण ते आभाळाचाच उजेड परत फेकतं. ब्रिटिश हवाई दलाच्या कॅडेटांसाठी असलेली स्लिंग्सबी कंपनीची सेडबर्ग ग्लायडरं चंदेरी असायची, त्यांवर पिवळे पट्टे असत. आमच्यासारख्यांना ती योजना फोटोत फार देखणी वाटते, पण एप्रिलच्या आपल्या आभाळात त्या पिवळ्या पट्ट्यांचाही उपयोग थोडाच.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, सगळं गणित तिच्यावर उभं आहे. ग्लायडर डोक्यावर असतं तेव्हा तुम्हाला त्याची खालची बाजू दिसते, आणि खालची बाजू सावलीत असते. तिथे पांढरा रंग लावा की पिवळा, उजळ आभाळासमोर तो करडाच दिसतो. उंचीवर रंग ओळखू येत नाही, फक्त उजळ की गडद एवढंच उरतं. अर्धपारदर्शक पंख असेल तर वरचं ऊन कापडातून खाली झिरपतं, फासळ्या दिसतात, आणि दीडशे-दोनशे मीटरपर्यंत त्यासारखं देखणं काही नाही. पण त्यापुढे तोच पंख आभाळात विरघळतो. म्हणून खालच्या बाजूला काहीतरी अपारदर्शक आणि गडद हवं.

बहुतेक लोक इथे पंखाखाली आडवे पट्टे मारतात. अर्धपारदर्शक पंखावर तसं करू नका. खालचा पट्टा उन्हात वरून डागासारखा दिसतो, आणि जुन्या ग्लायडरचं सगळं सौंदर्य त्या एका डागाने जातं. ग्रुनाऊ बेबीच्या पंखात याचं उत्तर आधीच आहे. पुढच्या धारेपासून मुख्य पाट्यापर्यंतचा (पंखाचा भार पेलणाऱ्या लांब पट्टीपर्यंतचा) भाग प्लायने बंद आहे, त्यातून उजेड जातच नाही. तेवढाच भाग खालून लाल केला की मुळापासून टोकापर्यंत आठ-दहा सेंटीमीटर रुंदीची एक सलग गडद रेघ मिळते. मागचं कापड मोकळं राहतं. रेघ लांब असली की डोळा ती लांबूनही पकडतो, रुंदी कमी असली तरी. विजेची तार आपल्याला कितीतरी अंतरावरून दिसते ती याच कारणाने. वरून तोच भाग हस्तिदंती असल्यामुळे ग्लायडर गिरकी घेताना एकदा उजळ चमकतं, एकदा गडद दिसतं. ते आपल्याकडे झुकलंय की पलीकडे, हे कळायला याहून चांगली खूण नाही. वर-खाली सारखाच रंग असलेलं मॉडेल नेमकं याच क्षणी दगा देतं: माणूस रिमोटची काठी उलट्या बाजूला ढकलतो आणि मग वावरात लाकडं गोळा करत बसतो.

चौकडीबद्दल. चौकडी जवळून भडक दिसते म्हणून लोकांना वाटतं की लांबूनही दिसेल. निरोगी डोळ्याला अंशाचा साठावा भाग एवढ्या कोनातला बारकावा वेगळा ओळखता येतो. म्हणजे १०० मीटरवर सुमारे तीन सेंटीमीटर, ३०० मीटरवर सुमारे नऊ. तुमचे चार सेंटीमीटरचे चौकोन दीडशे मीटरच्या आतच एकमेकांत मिसळतील आणि शेपटी मळकट तपकिरी दिसेल. एकरंगी मोठा भाग कधीही बरा. शेपटी पूर्ण लाल असेल तर बाजूने येताना नाक कोणीकडे आणि शेपटी कोणीकडे हे लगेच समजतं. लालाची एक मर्यादाही सांगून ठेवतो. दिवस मावळताना डोळ्याला लाल सगळ्यात आधी काळा वाटू लागतो, निळा आणि हिरवा जास्त वेळ टिकतात. संध्याकाळच्या मऊ हवेत उशिरापर्यंत उडवायची सवय असेल तर हे ध्यानात ठेवा आणि सूर्य टेकायच्या आत उतरवा.

काळा नको याचं एक कारण घारी. आपल्याकडे थर्मल शोधायची सोपी रीत म्हणजे घारी कुठे फिरतात ते पाहणं, आणि ग्लायडर मग त्यांच्याच गिरकीत जातं. तिथे काळं काही असेल तर नजर एकदा हलली की आपलं कोणतं आणि घार कोणती हे पुन्हा ठरवावं लागतं. चार-पाच किलोचं मॉडेल हवेत असताना तो वेळ परवडत नाही.

जमिनीवरची पार्श्वभूमीही वर्षभर बदलते. तुमच्या वावराच्या आजूबाजूला काय उभं असतं ते एकदा मनाशी फिरून बघा. नांगरलेल्या काळ्या मातीवर हस्तिदंती पंख लखलखीत दिसतो, उतरताना काहीच अडचण नाही. गव्हाच्या धसकटावर किंवा वाळलेल्या गवतावर तोच पंख निम्मा झाकला जातो, तिथे लाल शेपटी कामी येते. दिवाळीनंतर बोंडं फुटलेल्या पऱ्हाटीत पूर्ण पांढरं ग्लायडर उतरलं तर धुऱ्यावर उभं राहूनही सापडत नाही. घरच्यांना पांढरं आवडतंय, त्यांना हे नक्की सांगा. चमकदार नारिंगीची सवय असलेले मित्रही असतील. पण तुमच्याकडे संत्र्याचे बगीचे आहेत. आंबिया बहार पिकलेला असताना बगीच्यात पडलेलं नारिंगी टोक शोधून दाखवा. फाल्गुनात धुऱ्यावरचे पळस फुललेले असतात, तेव्हाही नारिंगी आणि शेंदरी बिनकामाचे. शिवाय फ्लोरोसंट रंग आपल्या उन्हात फार लवकर उडतात. गडद, किंचित तपकिरीकडे झुकणारा लाल या सगळ्यांत वेगळा राहतो. त्यात लोहाच्या ऑक्साइडचं, म्हणजे गेरूच्या जातीचं रंगद्रव्य असेल तर तो उन्हाने फारसा उडत नाही. रंगाच्या दुकानात तयार छटा मिळते ती चालेल, पण डब्यावर बाहेरच्या वापरासाठी असल्याचं लिहिलेलं बघून घ्या.

आता ऊन. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, अकोला, कोणत्याही बाजूला जा, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातोच, आणि नवतप्यात तर सकाळी नऊलाच माती चटके देते. हवा पंचेचाळीस असताना उन्हात पडलेला गडद पृष्ठभाग आणखी वीस-तीस अंशांनी वर जातो. फायबरची मोठी ग्लायडरं जगभर पांढरी असतात ती याचसाठी. रेझिन तापलं की मऊ होतं. लाकडाला तेवढं भय नाही, असं वाटतं. पण तुमचं मॉडेल नुसतं लाकूड नाही. घरच्या तापमानाला जमवलेलं बहुतेक इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास ढिलं पडू लागतं, आणि लाकडाचा पांढरा गोंद उष्णतेत ताणाखाली हळूहळू सरकतो. काळी टोकं उन्हात तासभर पडून राहिली की पंखाच्या टोकाला पीळ बसण्याचा धोका असतो, आणि हे डोळ्याला दिसण्याआधी उडण्यात जाणवतं.

म्हणून माझा एकच नियम आहे आणि तुमची सगळी योजना त्यातून निघते: गडद रंग उन्हाकडे पाठ असलेल्या बाजूला. पंखाच्या खाली लाल, कारण तिथे थेट ऊन पडत नाही. सुकाणूवर लाल, कारण ते उभं आहे, भर दुपारी त्यावर ऊन तिरपं पडतं, आणि त्यात मोठा ताण घेणारा सांधा नाही. पंखाच्या वर, आडव्या शेपटीच्या वर आणि नाकावर उजळ रंग. नाकाच्या बाबतीत तर हट्टच धरेन. लाल नाक फोटोत सुंदर दिसतं, पण त्याच्या आत तुमची लिथियम बॅटरी आणि रिसीव्हर आहे, आणि नाक बंद असतं. मॉडेल जोडताना पंख उलटे करून उन्हात ठेवू नका, आणि नेताना गाडीत बंद असेल तर वर पांढरी चादर टाका.

इथे घरच्यांचा मुद्दा अर्धा बरोबर ठरतो. उजळ रंग थंड राहतो. पण त्यासाठी दुधासारखा पांढरा लागत नाही. हस्तिदंती जवळजवळ तेवढाच थंड राहतो आणि जुन्या ग्लायडरला शोभतोही. निव्वळ पांढरा ग्रुनाऊ बेबीवर बघा, एकदम प्लास्टिकचं खेळणं वाटतं. आरएएल या रंगयादीतली १०१५ ही छटा सांगितली तर रंगाचं मशीन असलेल्या दुकानात मिळते. मॉडेल लहान असल्यामुळे मोठ्या ग्लायडरवरचा रंग त्यावर थोडा जास्तच गडद आणि चमकदार वाटतो. तेव्हा लालामध्ये थेंबभर पांढरा टाका आणि शेवटचा हात पूर्ण चकचकीत न ठेवता अर्धा मंद ठेवा.

इतिहासाचं काय, असं तुम्ही नक्की विचाराल, आणि विचारायलाच हवं. ग्रुनाऊ बेबी एडमंड श्नायडरने १९३१मध्ये ग्रुनाऊ गावी बनवलं. तो भाग तेव्हा जर्मनीत होता, आज पोलंडमध्ये आहे. टू-बीच्या पंखांचा पसारा साडेतेरा मीटरच्या किंचित वर, म्हणजे तुमचा जवळजवळ तीन मीटर चाळीस सेंटीमीटर. त्या काळातली पुष्कळ जर्मन ग्लायडरं रंगवलेली नसतच. प्लायवर व्हार्निश, कापडावर बिनरंगी डोप, आणि जुनं होता होता सगळ्याला येणारी पिवळसर झाक. रंग म्हणजे वजन, आणि क्लबांकडे पैसा कमी. त्यामुळे मधाळ धड आणि पारदर्शक पंख ही योजना खऱ्या इतिहासाला धरून आहे. पुढच्या धारेखालचा लाल मात्र मी आपल्या आभाळासाठी घातलेला आहे. युद्धानंतर जर्मनीत ग्लायडिंगवर बंदी होती, ती १९५१मध्ये उठली. त्यानंतर क्लबांनी जुनी-नवी बेबी आपापल्या आवडीने रंगवली. तुमचं मॉडेल त्या काळातलं माना, म्हणजे लाल रंगावर कोणाला आक्षेप घ्यायला जागा उरत नाही.

तुमच्या फोटोतली काळी टोकं काळी होती असं धरून चालू नका. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल उजेडाला जवळजवळ आंधळी होती. तिच्यावर लाल काळा उमटतो, पिवळा अपेक्षेपेक्षा गडद येतो आणि निळा फिक्का पडतो. १९३०च्या दशकात सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रूढ होत गेली, पण दोन्ही वापरात होत्या. त्यामुळे त्या काळच्या फोटोत काळा पट्टा दिसला की पहिली शंका लालाची घ्यावी. फोटोतलं आभाळ बघा: ढग असूनही आभाळ कोरं पांढरं असेल, आणि माणसांचे ओठ व उन्हाने रापलेली कातडी फार काळी आली असेल, तर ती फिल्म लालाला आंधळी असण्याची शक्यता मोठी. जर्मनीत वासरकुप्पे डोंगरावर ग्लायडरांचं संग्रहालय आहे, तिथल्या मूळ यंत्रांचे रंगीत फोटो शोधून ताडून पाहिलेत तर आणखी बरं.

त्याच फोटोंत शेपटीवर रुंद पट्टा आणि मधल्या गोलात नाझींचं चिन्ह दिसेल. ते काढू नका. काहींना वाटतं, आपल्या दारावर स्वस्तिक असतंच, मग काय हरकत? दारावरचं स्वस्तिक शुभ आहे. या शेपटीवरचं चिन्ह लाखो माणसं मारणाऱ्या राजवटीचं आहे, आणि ज्याने ग्लायडर पाहिलं त्याला तेच आठवतं. गावातली पोरं मॉडेलभोवती जमतील, त्यांच्यासमोर ते नको. सुकाणू साधं लाल ठेवलं की प्रश्नच संपतो.

जाता जाता: पुढचं मॉडेल करायचा विचार असेल तर आपल्या देशी ग्लायडरांकडे बघा. नागरी विमान विभागाच्या तांत्रिक केंद्रात एस. रामामृतम यांच्या हाताखाली अश्विनी १९५८मध्ये उडालं आणि रोहिणी १९६१मध्ये. रोहिणी तर लाकडी, दोघे शेजारी-शेजारी बसतील असं, आणि त्यावर आपल्या देशातल्या कितीतरी मुलांनी उडायला शिकून घेतलं. पुण्याजवळ हडपसरला आणि इतर क्लबांत ती उडवलेली माणसं आहेत. रंगाबद्दल त्यांच्या आठवणी आणि घरातले फोटो गोळा करायला हवेत, आणि हे काम लवकर व्हायला हवं. एक सांगतो, त्यावर व्हीटीने सुरू होणारी नोंदणीची अक्षरं लिहायची तर ज्या ग्लायडरचा फोटो हातात आहे त्याचीच लिहा, मनाने जुळवू नका.

आता कापड की फिल्म. चकचकीत पारदर्शक फिल्म सोपी आहे, इस्त्री फिरवली की झालं, आणि पहिल्या मॉडेलला मी तीच सुचवतो. पण जुन्या ग्लायडरवर ती काचेसारखी दिसते. शिवाय आपल्याकडे जूनमध्ये लाकूड फुगतं आणि एप्रिलमध्ये सुकून आकसतं, त्यामुळे वर्षातून दोनदा सुरकुत्या काढत बसावं लागतं. ओराटेक्सच्या कापडात अँटिक नावाची छटा येते. ती इस्त्रीनेच बसते, डोप लागत नाही, उजेडही थोडा झिरपतो. खिशाला परवडत असेल तर तेच घ्या आणि पुढचा परिच्छेद सोडून द्या.

परवडत नसेल तर पातळ रेशीम किंवा विरळ मलमल, आणि त्यावर डोप. पांढऱ्या कापडाला जुनेपणाची छटा हवी असेल तर चढवण्याआधी फिक्क्या चहाच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. हे सुती आणि रेशमी कापडालाच जमतं, पॉलिएस्टर रंग धरत नाही. पहिला हात निम्मं थिनर घालून, पुढचे तीन-चार पातळ, प्रत्येक हातानंतर हलक्या हाताने बारीक पॉलिश पेपर. डोप सुकताना कापड ओढतो आणि पातळ शेपटीला वाक आणतो. त्यासाठी जुन्या मॉडेलवाल्यांचा उपाय अजूनही चालतो: १०० मिलीला एक-दोन मिली एरंडेल. त्याहून जास्त टाकलं तर तेल वर येतं आणि पुढचा रंग धरत नाही. शेपटी वाळेपर्यंत सपाट पाटावर दाबून ठेवा.

हंगामाकडे दुर्लक्ष करू नका. पावसाळ्यात डोप मारला तर थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि डोप पांढुरका पडतो. मे महिन्यात उलटं: थेंब कापडापर्यंत पोचायच्या आत सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, सकाळी दहाच्या आसपास. पण तेव्हाच कापूस घरात येतो, जिनिंग सुरू होतात, तुरीचं कुटार उडतं. ओल्या रंगावर बसलेला कापसाचा तंतू काढताना रंग निघतोच. खोलीत आधी पाणी शिंपडा, दार बंद ठेवा, अंगावर सुती जुना सदरा नको. आणि हे मी फार गंभीरपणे सांगतो: ज्या घरात कापूस साठवलेला आहे तिथे डोप आणि थिनरचं काम अजिबात करू नका. त्याची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते, आणि एका ठिणगीला पेट घेते. गोठ्याच्या पलीकडे, मोकळ्या हवेच्या खोलीत, चूल आणि बिडीपासून लांब करा. दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मात्र घरी फवारू नका. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचा त्रास देतात आणि साध्या कापडी मास्कने अडत नाहीत.

धडाला सँडिंग सीलर, मग फर्निचरवाल्यांकडे मिळणारा सागवानी स्टेन अगदी पातळ करून, मग ऊन सोसणारं एका डब्याचं क्लिअर व्हार्निश ब्रशने. बर्चचं प्लाय मुळात फिक्कट असतं, एक हात स्टेन पुरतो. आधी उरलेल्या तुकड्यावर लावून उन्हात न्या आणि मगच धडाला हात लावा.

वजन प्रत्येक पायरीनंतर काट्यावर मोजा, विशेषतः शेपटीचं. ग्रुनाऊ बेबीचं नाक आखूड आहे. शेपटीवर दहा ग्रॅम रंग चढला तर तोल राखायला नाकात पंचवीस-तीस ग्रॅम शिसं घालावं लागतं, म्हणजे एकूण पस्तीस-चाळीस ग्रॅम वाढले. म्हणून सुकाणूवरचा लाल एअरब्रशने दोन पातळ हातांत संपवा. लालाखाली पांढरा अस्तर रंग घालायचा मोह होईल, तो टाळा.

रंग कायमचा चढवण्याआधी परीक्षा घ्या. पुठ्ठ्याचा मीटरभर पंख कापा, एका बाजूला हस्तिदंती, दुसऱ्या बाजूला पुढच्या तिसऱ्या भागात लाल आणि मागे फिक्कट. दुसरा तुकडा तुमच्या चौकडीचा करा, म्हणजे मनाची खात्री होईल. दोन्ही उंच बांबूला बांधून धुऱ्यावर उभे करा आणि तीनशे पावलांवरून बघा: एकदा सकाळी, एकदा दुपारी दोनला, एकदा दिवस मावळताना. मुलाला बांबू फिरवायला सांगा आणि पंख कोणीकडे झुकला ते ओळखून बघा. घरच्यांनाही सोबत न्या, पांढऱ्याचा प्रश्न तिथेच सुटेल.

नावाबद्दल: लिहा, जरूर लिहा. ग्लायडरांना नावं द्यायची पद्धत जुनीच आहे. रॉबर्ट क्रोनफेल्डचं १९२९चं ‘वीन’ त्याच्या शहराच्या नावाने जगभर ओळखलं गेलं. तुम्ही देवनागरीत लिहा, डाव्या बाजूला कॉकपिटच्या पुढे, तीन-साडेतीन सेंटीमीटर उंचीची साधी अक्षरं, गडद लाल. ते हवेत वाचता येणार नाही, जमिनीवर जवळ आलेल्या माणसासाठी आहे, त्यामुळे मोठं करण्यात अर्थ नाही. स्टिकर नको, मधाळ लाकडावर त्याची कड लगेच कळते. आर्वीत हाताने पाट्या रंगवणारा पेंटर अजून असेल तर त्याच्याकडून करून घ्या, त्याच्या ब्रशचा जोर तुम्हाआम्हाला जमत नाही. फक्त क्रम पाळा. सगळं डोप-व्हार्निश संपून आठवडाभर कडक झाल्यावर इनॅमलने नाव. डोपवर इनॅमल बसतं, पण इनॅमलवर डोप किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलं की खालचा रंग सुरकुतून उठतो. त्याच्याकडे नुसतं धड न्या, पंख घरीच ठेवा.